वाळू साफ कोण करतं? खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी जीव निवडताना



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांनी विचारलं, की सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मग आता हे फिशटँकमधल्या वाळूचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. खाऱ्या पाण्याची टाकी हा आमचा निवृत्तीनंतरचा छंद. आणि या छंदात एक प्रश्न असा येतो, जो वर्गात ॲरिस्टॉटल शिकवताना हमखास यायचा. एखादी गोष्ट 'कशासाठी' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुणाच्या बाजूने म्हणतो? आज दोन्ही एकत्र घेऊ. मात्र पाऊण भाग टाकीचा आणि पाव भाग तत्त्वज्ञानाचा, तेव्हा घाबरू नका. (हशा)

आधी नेहमी काय घडतं ते बघू. डोंबिवलीत, कल्याणला किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणीतरी हौसेने तीन फुटांची टाकी मांडतं. पांढरीशुभ्र वाळू, थोडे खडक, दोन क्लाउनफिश. दीड-दोन महिन्यांत वाळूवर तपकिरी साय धरते. माणूस वैतागून कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जातो. तिथे त्याला सांगतात, क्लीनअप क्रू टाका. म्हणजे सफाई पथक. मग दहा गोगलगाई, पाच खेकडे आणि एक तारामासा पिशव्यांमध्ये बसून लोकलने घरी येतात. सहा महिन्यांनी त्यातले किती जिवंत आहेत हे कुणी मोजत नाही, कारण त्यातले बरेचसे वाळूखालीच राहणारे. वाळू पुन्हा मळकी दिसली की पुन्हा दुकान.

आमच्या मते या सगळ्या घोटाळ्याचं मूळ 'सफाई' या शब्दात आहे. गाडगेबाबा एखाद्या गावात गेले की खराटा घेऊन आधी गाव झाडायचे. ती सफाई. तिच्यामागे हेतू होता, हा रस्ता स्वच्छ व्हावा ही इच्छा होती. गोगलगाईला अशी काही इच्छा नसते. ती जेवते. तिला जे अन्न वाटतं आणि आपल्याला जी घाण वाटते, ते एकच निघालं तर वाळू स्वच्छ दिसते. नाही निघालं, तर गोगलगाय उपाशी राहते आणि वाळू होती तशीच राहते.

म्हणून कुठलाही जीव आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायचे. हा खातो काय? ते अन्न आपल्या टाकीत पुरेसं आहे का? आणि ते संपलं, तर आपण त्याला हाताने खायला घालू शकतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो कुणी विचारत नाही.

वाळूच्या आत काय चालतं

वाळू म्हणजे टाकीच्या तळाला घातलेली फरशी नव्हे. तिच्या आत काय चालतं हे बघायला दूर जायला नको. ठाण्याहून लोकल कळव्याकडे निघाली की खाडी लागते. ओहोटी असेल तर दारात उभ्या माणसाला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. आपल्या शहरांचं सांडपाणी त्या चिखलात भर घालतं हे खरंच आहे, पण कुठल्याही खाडीच्या चिखलात हा वायू थोडाफार तयार होतोच. चिखलाचा वरचा पातळ थर तपकिरी असतो, कारण तिथवर प्राणवायू पोचतो. त्याच्याखाली चिखल काळा. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू काम करतात.

आता त्याच चिखलात खेकड्यांची आणि निवट्यांची बिळं असतात. बीळ म्हणजे नुसतं राहायचं घर नव्हे. भरतीचं पाणी त्या बिळातून खाली उतरतं आणि सोबत प्राणवायू नेतं. काळ्या चिखलात बिळाच्या भिंती तपकिरी दिसतात त्या यामुळे. वरच्या थरात शिंगाच्या आकाराच्या बारीक गोगलगाई हजारोंनी चरत असतात. किडे, अळ्या, शिंपले माती उकरत असतात. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं, की शेतातली माती हे जीव हळूहळू गिळतात, उलथवतात आणि पुन्हा घडवतात. समुद्राच्या तळाशी आणि खाडीत तेच काम दुसरे जीव करतात.

या चिखलावरच हिवाळ्यात रोहित येतात, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो. मोठे रोहित चिखलातले बारीक जीव गाळून खातात, छोटे मुख्यतः शेवाळ खातात. २०१५ साली खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हा मान गुलाबी पक्ष्यांच्या नावाने ओळखला जातो, पण पक्ष्यांचं पोट त्या चिखलावर चालतं हे विसरू नये.

घरातल्या टाकीत हाच व्यवहार लहान प्रमाणात चालतो. मासे जे सोडतात आणि जे अन्न उरतं, त्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. वाळूच्या आणि खडकांच्या पृष्ठभागावरचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे जीवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जिथे प्राणवायू कमी, अशा खोल जागी दुसरे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुड्यांनी निघून जातो.

यावरून थर किती जाड ठेवायचा हे ठरतं. एक तर तीन-चार सेंटिमीटरचा पातळ थर ठेवावा, जो वरचेवर हलता राहील. नाहीतर दहा-बारा सेंटिमीटरचा जाड थर ठेवून त्याला अजिबात धक्का लावू नये. जाड थर मुरायला वेळ घेतो आणि त्यात भरपूर बारीक जीव लागतात. नवख्या माणसाने पातळ थर ठेवावा असं आमचं मत आहे. मधल्या जाडीच्या थरात दोन्हींचे तोटे येतात. तो नीट हलतही नाही आणि नीट मुरतही नाही.

घाण एक नसते

दुकानात जाण्यापूर्वी टाकीसमोर खुर्ची टाकून बसा आणि वाळूवर नेमकं काय आहे ते बघा. साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार तपकिरी पूड. हे डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत ते येतंच. नळाचं पाणी वापरलं तर जास्त येतं, कारण त्यातून सिलिकेट येतं. आरओचं पाणी वापरलं आणि धीर धरला, तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. लोक नेमके याच काळात दहा जीव आणून टाकतात. मग तपकिरी पूड संपते आणि जीव उपाशी राहतात.

दुसरा प्रकार हिरवं शेवाळ. उजेड जास्त आणि पाण्यात खत जास्त, याचं हे लक्षण.

तिसरा प्रकार लालसर-जांभळी, बुळबुळीत चादर. ती बोटाने उचलली तर सायीसारखी निघते. हे शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. ही चादर आवडीने खाणारा जीव जवळजवळ नाहीच. इथे कुठलीही गोगलगाय उपयोगाची नाही. पाण्याचा प्रवाह वाढवा, खाणं कमी करा आणि चादर नळीने ओढून काढा.

चौथा प्रकार उरलेलं अन्न आणि माशांची विष्ठा. याचं पहिलं औषध चमच्यात आहे. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची पद्धत आहे. ती माशांना लावू नका. (हशा)

हे निदान केल्यावर मग जीवांकडे वळायचं.

एकेक उमेदवार

पहिली नॅसेरियस गोगलगाय. नखाएवढी असते. दिवसभर वाळूत गाडून घेते आणि सोंडेसारखी एक नळी तेवढी बाहेर ठेवते. टाकीत खाणं पडलं की मिनिटभरात वाळूतून वर येते, तो देखावा बघण्यासारखा असतो. ती मांसाहारी आहे. उरलेले कोळंबीचे तुकडे, मेलेला मासा खाते. शेवाळाला तोंड लावत नाही. वाळूत वरखाली करताना वाळू हलते हा आपला फायदा. आणि मासे कमी असले, तर बुडणाऱ्या गोळीचा तुकडा टाकून तिला जगवता येतं. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला ती उत्तीर्ण होते.

दुसरी सेरिथ गोगलगाय. लांबट, मळखाऊ रंगाची, फारशी देखणी नाही. दुकानात कुणी तिच्याकडे बघत नाही, पण आमचा पहिला कौल तिला. शेवाळाची साय आणि वाळूत साचलेला गाळ दोन्ही खाते. दिवसा बरीचशी वाळूत, रात्री काचेवर. खाडीतल्या त्या शिंगाच्या आकाराच्या गोगलगाई हिच्या दूरच्या नात्यातल्या.

तिसरा लहान जातीचा स्ट्रॉम्बस शंख, ज्याला दुकानात फायटिंग काँक म्हणतात. नाव भांडखोर, स्वभाव गरीब. दांड्यावरचे दोन डोळे वर काढून, सोंड फिरवत वाळूवरची साय टिपत जातो. म्हैस गवत चरत पुढे सरकते तसा. वाळूचा वरचा भाग स्वच्छ ठेवण्यात याच्या तोडीचा दुसरा नाही. पण याला कुरण लागतं. तीन फुटांच्या टाकीत एक पुरे, दोन ठेवले तर दोघेही अर्धपोटी. साय कमी झाली तर वाळलेल्या समुद्री शेवाळाचा, म्हणजे नोरीचा तुकडा वाळूत खोचून देता येतो.

चौथा हर्मिट क्रॅब, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. सगळं खातो, म्हणून उपयोगी. सगळं खातो, म्हणूनच धोक्याचा. वाढला की मोठं घर लागतं आणि रिकामं मिळालं नाही, तर गोगलगाईला मारून तिचं घर बळकावतो. ठेवायचाच असेल तर निळ्या पायांच्या लहान जातीचे दोन-तीन ठेवा आणि टाकीत वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख टाका. घरांची टंचाई झाली की काय होतं, हे मुंबई परिसरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पाचवा वाळू उकरणारा तारामासा, ॲस्ट्रोपेक्टेन. इथे थोडं थांबू. दिसायला सुंदर, वाळूत झरकन गायब होतो, आणि 'वाळू साफ करणारा' म्हणून हमखास विकला जातो. तो खातो काय? वाळूतले बारीक शिंपले, किडे, अळ्या. म्हणजे ज्या जीवांमुळे वाळू जिवंत राहते, नेमके तेच. काही महिन्यांत तो तुमची वाळू खरोखर साफ करतो, म्हणजे त्यातले राबणारे सगळे खाऊन टाकतो. त्यानंतर उपासमार. तारामासा उपासाने पटकन मरत नाही. हळूहळू आक्रसतो, भुजांची टोकं झिजतात, आणि लहान टाकीत बहुधा वर्षाच्या आत वाळूखालीच संपतो. विक्रेता म्हणतो साफ करतो, घेणारा म्हणतो दिसत नाही म्हणजे काम करत असेल, आणि तिकडे तो भुकेने मरत असतो. घरगुती टाकीसाठी याला नाही म्हणा.

सहावी समुद्रकाकडी. कामाच्या दृष्टीने सर्वोत्तम. वाळू गिळते, त्यातला कस काढून घेते आणि स्वच्छ वाळूच्या गुठळ्या मागे टाकते. डार्विनच्या गांडुळाची समुद्रातली आवृत्तीच म्हणा. तरीही नाही. एक तर ती मेली किंवा पंपात अडकली, तर तिच्या अंगातलं विष टाकीतले सगळे मासे मारू शकतं. आणि दुसरं कारण त्याहून मोठं. २००१ साली केंद्र सरकारने सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. ज्या यादीत वाघ आहे त्या यादीत. परदेशी बाजारांसाठी त्यांची प्रचंड पकड व्हायची म्हणून हे पाऊल उचललं गेलं. प्रवाळ आणि समुद्रघोडेही त्याच वेळी संरक्षणाखाली आले. तेव्हा कुणी गुपचूप आणून देतो म्हणालं, तरी हात जोडा आणि निघा.

सातवा वाळू चाळणारा गोबी मासा. तोंडभर वाळू घेतो आणि कल्ल्यांतून गाळून सोडतो. चाळणीसारखा. वाळू चकचकीत होते, पण वाळूतले जीव संपले की याचंही पोट खपाटीला जातं. याला दिवसातून दोन-तीनदा बारीक मांसाहारी खाणं देता येत असेल आणि टाकी चार फुटांची किंवा मोठी असेल, तरच आणा. टाकीवर जाळी हवी, कारण हा उडी मारतो.

आता शेवटचे उमेदवार, जे दुकानात मिळतच नाहीत. बारीक अळ्या, कोळंबीच्या पिल्लासारखे उड्या मारणारे किडे, डोळ्याला जेमतेम दिसणारे कोपेपॉड. हे वाळूच्या कणाकणात शिरतात. गोगलगाय जिथे पोचत नाही तिथे हे पोचतात. ते कुठून आणायचे? दह्यासाठी विरजण कुठून आणतो? शेजारणीकडून. तसंच. ज्याची टाकी दोन-चार वर्षं निरोगी चालली आहे, अशा ओळखीच्या माणसाकडून वाटीभर वाळू मागून आणा आणि आपल्या वाळूवर पसरा. या छंदात याहून मोठी भेट नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत.

किती आणि कधी

आता हिशोब. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच धरू. काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर. वाळूचं क्षेत्रफळ साडेचार चौरस फूट. जीव निवडताना लिटर मोजू नका, हे क्षेत्रफळ मोजा. कुरण किती आहे त्यावर गुरं ठरतात.

पहिले सहा आठवडे एकही जीव नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की विरजणाची वाळू आणि पाच-सहा सेरिथ. मासे येऊन त्यांचं खाणंपिणं सुरू झालं, की महिन्याभराने चार-पाच नॅसेरियस. चार-सहा महिन्यांनी वाळूवर कायम थोडी साय दिसू लागली, तर एक शंख. झालं. यादी संपली. बाहेरच्या पुस्तकांत दर गॅलनला एक गोगलगाय असं माप सांगितलेलं आढळतं. त्या मापाने आपल्या टाकीत चाळीस-पन्नास गोगलगाई होतील आणि त्यातल्या बहुतेक उपाशी मरतील.

आणल्यावर पिशवी उघडून थेट टाकीत ओतायचं नाही. गोगलगाई आणि खेकडे क्षारतेच्या बदलाला माशांपेक्षा नाजूक असतात. बारीक नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी त्यांच्या भांड्यात सोडा, तास-दीड तास. टाकीत पूर्वी तांबं असलेलं औषध वापरलं असेल, तर हे जीव आणूच नका.

आणि आपल्या हवामानाचं एक. ठाणे-डोंबिवलीला मे महिन्यात बंद खोलीत पाणी तिशीच्या वर सहज जातं. या जीवांना २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. चिलर नसेल आणि पंखा लावत असाल, तर पाणी उडून क्षार वाढतात. तेव्हा रोज जेवढं पाणी उडालं तेवढं आरओचं गोडं पाणी घाला, खारं नव्हे. साफसफाईचे जीव अचानक मेले अशी तक्रार उन्हाळ्यात आली, तर बहुधा कारण इथे सापडतं.

खाल्लं म्हणजे गेलं का?

आता एक गैरसमज. गोगलगाईने घाण खाल्ली म्हणजे ती संपली, असं आपण धरून चालतो. गोगलगाय खाते तशी विष्ठाही टाकते. मोठ्या तुकड्याचे बारीक तुकडे झाले, थोडं तिच्या अंगी लागलं, उरलेलं पाण्यात विरघळलं. एवढंच झालं. बारीक तुकड्यांवर जीवाणू लवकर काम करतात हा फायदा आहे, पण टाकीतलं द्रव्य टाकीतच आहे.

आपण घरातला कचरा 'टाकला' म्हणतो. कल्याणकरांना विचारा टाकला म्हणजे कुठे गेला. वर्षानुवर्षं तो आधारवाडीला साठत गेला आणि त्याचा डोंगर झाला. तसंच टाकीचं. टाकीतून द्रव्य बाहेर जायच्या वाटा मोजक्या आहेत. पाणी बदलणं, प्रोटीन स्किमरचा फेस काढून टाकणं, वाढलेलं शेवाळ उपटून काढणं, आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जाणं. यांतली पहिली तीन कामं आपल्या हातांनी करायची आहेत. दर पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला आणि बदलताना वाळूचा एक कोपरा नळीने हलका ओढून घ्या. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. एकदम सगळी वाळू ढवळू नका.

म्हणजे टाकीत सफाई करणारा, हेतूने करणारा, एकच प्राणी आहे. तो टाकीच्या बाहेर उभा आहे.

ॲरिस्टॉटलचं काय

आता राहिलेला पाव भाग. ॲरिस्टॉटल अथेन्स सोडून काही वर्षं लेस्बॉस बेटाच्या परिसरात राहिला होता. तिथल्या खारफुट्या पाण्याच्या सरोवरात, ज्याला आपण खाडीच म्हणू, त्याने समुद्री जीवांचं बारकाईने निरीक्षण केलं. समुद्री साळूच्या तोंडाच्या रचनेला आजही ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. या निरीक्षणांतून तो पुन्हा पुन्हा एक विचार मांडतो. जीवाचा प्रत्येक अवयव कशासाठी तरी असतो, आणि तो 'कशासाठी' त्या जीवाच्या स्वतःच्या जगण्याशी बांधलेला असतो. नॅसेरियसची सोंड नॅसेरियससाठी.

हाच ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स' या ग्रंथात मात्र म्हणतो, की वनस्पती प्राण्यांसाठी आहेत आणि प्राणी माणसासाठी. दोन्ही विधानांची सांगड कशी घालायची यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले आहेत. आम्ही त्यात शिरत नाही. एवढंच म्हणतो, की दुकानातला 'क्लीनअप क्रू' हा शब्द दुसऱ्या ॲरिस्टॉटलचा आहे, आणि टाकी चालवायला पहिला ॲरिस्टॉटल लागतो. गोगलगाय आपल्या वाळूसाठी आहे असं धरलं, की ती मेल्यावर आपण दुसरी आणतो, जशी झाडू झिजली की दुसरी आणतो. ती स्वतःच्या जगण्यासाठी आहे असं धरलं, की प्रश्न बदलतो. मग आपण विचारतो, हिला इथे जगता येईल का? गंमत अशी, की या दुसऱ्या प्रश्नातून निवडलेले जीव टिकतात, आणि टिकतात म्हणून वाळूही चांगली राहते. वाळूखाली मेलेला जीव कुजतो आणि घाण वाढवतो, हे साधं गणित आहे.

सोय आणि नीती नेहमी एका दिशेने जात नाहीत, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. इथे त्या जातात. आणि गेल्या नसत्या, तरी भुकेने मरणाऱ्या जिवाची जबाबदारी ज्याने त्याला पिशवीतून घरी आणलं त्याचीच राहिली असती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, खाडीत इतक्या गोगलगाई आहेत म्हणता, तर तिथूनच चार आणल्या तर काय बिघडलं?

दोन गोष्टी बिघडतात. अभयारण्याच्या हद्दीतून जीव उचलणं हा गुन्हा आहे. आणि हद्दीबाहेरचं म्हणाल, तरी त्या जिवांना भरती-ओहोटीची सवय, पावसाळ्यात जवळजवळ गोडं आणि उन्हाळ्यात खारट होणाऱ्या पाण्याची सवय. तुमच्या टाकीत ना ओहोटी, ना चिखल. शिवाय त्यांच्यासोबत खाडीतली घाण आणि परजीवी येणार. खाडीतलं खाडीत राहू द्या. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे जाऊन बघा, मुलांना न्या.

आणि उलटंही लक्षात ठेवा. टाकीतलं खाडीत सोडायचं नाही. गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये काच साफ करतो म्हणून सकर मासा विकला गेला. तो वाढला, टाकीत मावेना, लोकांनी 'जीवदान' म्हणून तलावात सोडला. आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत, महाराष्ट्रातल्या धरणांतही तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. तोही एक सफाई कामगारच होता.

प्रश्न: रात्री टॉर्च लावला तर वाळूत केसाळ, लालसर अळ्या दिसतात. किळस येते. काढून टाकू का?

ताई, त्या ब्रिसल वर्म. त्या उरलेलं अन्न खातात, वाळूत खोलवर जातात, फुकट काम करतात. हात लावू नका, केस टोचतात. संख्या फार वाढली असेल तर तो तुमच्या चमच्याचा दोष, खाणं जास्त पडतंय. खाणं कमी करा, त्या आपोआप कमी होतील. माशांच्या अंगावर चढणारी, प्रवाळ खाणारी मोठी जात वेगळी असते, ती क्वचित दिसते.

प्रश्न: वाळूच ठेवली नाही तर?

चालेल की! काचेचा उघडा तळ ठेवून उत्तम टाक्या चालवणारे लोक आहेत. मग जीवाणूंना राहायला खडक जास्त लागतील आणि तळ तुम्हाला नळीने साफ करावा लागेल. दिसायला थोडं ओकंबोकं, पण हा मार्ग प्रामाणिक आहे. ज्याला वाळूतल्या जिवांकडे लक्ष द्यायला वेळ नाही, त्याने वाळू न ठेवणं बरं.

प्रश्न: माझ्याकडे आधीच एक तारामासा आहे. आता काय करू?

आधी तो जिवंत आहे का ते बघा. (हशा) असेल, तर ज्याची टाकी सहा फुटांची, जुनी आणि भरपूर वाळूची आहे असा कुणी ओळखीचा शोधा आणि त्याच्याकडे द्या. तोवर रात्री दिवे बंद केल्यावर शिंपल्याच्या मांसाचा लहान तुकडा त्याच्या खालीच वाळूत सरकवून बघा. काही खातात, काही नाही. पण दुसरा आणू नका.

वेळ झाली. पुढच्या वेळी कुणाच्या टाकीतून कुणाला वाटीभर वाळू हवी असेल, तर व्याख्यानानंतर इथेच भेटून ठरवा.